एंजलच्या सोबतीला

अहो,

या एका वेळी तुम्ही जिंकायला हवं होतं.

तेरवी झाली. मुलगा आणि सून पुण्याला गेले, त्यालाही पंधरवडा झाला. तुमच्या बाररूममधून वानखडे वकिलांनी निरोप पाठवला, की वहिनींनी साहेबांविषयी चार ओळी लिहून द्याव्या, छापून वाटू. मी लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडकले. जन्म मोर्शीचा, शिक्षण अमरावतीचं, सगळी हयात दिवाणी कोर्टात, हे सारं त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे. मला जे ठाऊक आहे ते छापता येण्यासारखं नाही. म्हणून तो कागद बाजूला सारला आणि हे तुम्हालाच लिहिते आहे. तुम्ही म्हणाल, "मास्तरीणबाई, मुद्द्यावर या."

मुद्दा एवढाच की मला लाज वाटते. लोकांची वाटते ती थोडी. ती ओसरेल, गल्लीला नवा विषय मिळाला की. तुमची वाटते ती जास्त.

वरच्या खोलीतली बँकेतली भाडेकरू पोरगी बदली होऊन गेली, तेव्हा तिचा फिश टँक तुम्ही ठेवून घेतलात. दोन फुटी काचेची पेटी आणि आत एकच मासा. एंजल. रुपेरी अंगावर उभे काळे पट्टे, वरखाली शिडासारखे लांब पर. बाजूनं पाहिला तर तळहाताएवढा, समोरून पाहिला तर कागदाच्या घडीएवढा.

"काहून घेतला हा?" मी विचारलं. "कोण धुईन ते डबडं?"

"मी धुतो."

"तुम्ही जन्मात आपला कप नाही धुतला."

"कपाले जीव असते का?"

आणि खरंच धुतलात. बनियनवर, धोतरासारखी लुंगी खोचून, रबरी नळी तोंडानं ओढून पाणी काढायचात. एकदा ते पाणी तोंडात गेलं आणि तुम्ही अंगणात जाऊन अर्धा तास थुंकत बसलात. मी हसले होते. तेव्हा हसायला हरकत नव्हती.

कोर्ट तुम्ही का सोडलं हे आपण दोघं कधीच बोललो नाही. वानखड्यांच्या बायकोकडून मला कळलं होतं. न्यायाधीशांनी विचारलं एक, तुम्हाला ऐकू आलं भलतंच, आणि तुम्ही त्या भलत्याच मुद्द्यावर भर कोर्टात तावातावानं बोलत राहिलात. मागची पोरं हसली. त्या दिवशी घरी येऊन तुम्ही काळा कोट खुंटीला लावला, तो परत अंगावर घातला नाहीत. मुलानं कानाची मशीन करून दिली. शेंगदाण्याएवढी, कानाच्या आत बसणारी, बाहेरून दिसायचीही नाही. पंधरवडाभर घातलीत आणि म्हणालात, "कानात भुंगा कोंडल्यावानी वाटते." मग ती डबीत गेली, डबी ड्रॉवरमध्ये गेली, आणि मी ओरडायला शिकले.

शाळेत सगळी नोकरी झाली, मला कधी आवाज चढवावा लागला नव्हता. आता "भाजीत मीठ बरोबर आहे का" हेसुद्धा मी असं विचारायची की पलीकडच्या घरातून उत्तर यावं.

त्या माशापाशी मात्र तुम्ही सुखात होतात. "याचं ऐकावं लागत नाही," असं म्हणायचात. खुर्ची टँकला लावून बसायचात, तुम्ही आलात की तो काचेशी यायचा, आणि तुम्ही एकमेकांकडे बघत राहायचात. मला त्या माशाचा हेवा वाटायचा. हे आता सांगते.

मग एका सकाळी तुम्ही म्हणालात, "याले सोबत पाहिजे."

"मजेत तं आहे तो."

"एकट्यानं राहणं बरं नाही. कोणासाठीच नाही."

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं. तुम्ही मोबाइलवर माशांचे व्हिडिओ लावायचात, पुरा आवाज करून, आणि मी चहा गाळता गाळता उलटतपासणी करायची.

"गोल्डफिश आणा. दिसते तरी चांगला."

"त्याले थंड पाणी लागते, याले कोमट. अन् घाण लय करते तो. बाद."

"गप्पी?"

"शेपट्या लांब त्याहीच्या. हा ओढत बसन. बाद."

"मंग ते पट्ट्यावाले, टायगर?"

"टायगर बार्ब? ते याचेच पर कुरतडून खातीन. बाद."

"तं राहू द्या एकटा."

"निऑन," तुम्ही निकाल वाचावा तसं म्हणालात.

निऑन म्हणजे आगपेटीच्या काडीहून थोडा मोठा मासा. अंगावर निळी चमकती रेघ, शेपटीकडे लाल. एकटा राहत नाही, थव्यानं फिरतो. व्हिडिओत मला तो आवडला होता, पण ते तुम्हाला कशाला सांगू?

"हा गिळून टाकीन त्याहीले," मी ओरडले. "याचं तोंड पाहा अन् ते काडीएवढे जीव पाहा."

"नाही गिळत. शांत मासा आहे."

"शांत माणूसही जेवतेच नं!"

तुम्ही हसलात. मग म्हणालात, "सवय होते. पयले दोन दिवस पाहीन, मंग एका घरातले होऊन जातीन. लाव पैज."

"लागली. कायची?"

"जिंकल्यावर सांगतो."

भाजीवालीसुद्धा विचारायची, "आणले का बाई मासे?" तिच्यापर्यंत खटला गेला होता. तुम्ही रोज आज जाऊ म्हणायचात, मी रोज माझे गुडघे पुढे करायची. शेवटी त्या दिवशी ठरलं, की चहा घेऊन राजापेठेतल्या माशांच्या दुकानात जायचं.

दुपारी जेवून तुम्ही टँकपाशी बसलात. मी चहा केला आणि स्वयंपाकघरातून हाक मारली. तुम्ही उठला नाहीत. परत मारली. मग मला संताप आला. कप घेऊन मी तुमच्या मागे येऊन उभी राहिले आणि ओरडले, "मशीन घाला म्हणलं नं कानात! घरात भुतासंग बोलू का मी?" आणि कप स्टुलावर असा आपटला की चहा तुमच्या हातावर सांडला. गरम चहा. तुम्ही हात मागे घेतला नाहीत.

मी तुमच्यावर ओरडले तेव्हा तुम्ही नव्हतात.

सगळ्यांना मी सांगितलं, बसल्याबसल्या गेले, शांतपणे गेले. ते खोटं नाही. माझा भाग तेवढा गाळला.

कुसुमताई संध्याकाळपर्यंत अकोल्याहून आल्या. तुमची आई गेल्यावर ज्यांनी तुम्हाला कडेवर घेऊन वाढवलं, त्या तुमच्या थोरल्या बहिणीला मी लग्न झाल्यापासून भीतच आले. आल्या आणि पदर खोचून त्यांनी घर ताब्यात घेतलं. कोणाला काय सांगायचं, पीठ कुठून आणायचं, कोण कुठे झोपेल, सगळं त्याच. तुमच्या खुर्चीवर तुमचा फोटो ठेवला, हार घातला, खाली दिवा लावला. फोटो तसा टँककडे पाठ करून होता. मला ते खटकलं.

हॉलमध्ये दिवसभर माणसं. पोरं काचेवर टकटक करत होती, उदबत्त्यांचा धूर कोंडला होता. एंजल मागच्या कोपऱ्यात फिल्टरच्या नळीआड जाऊन बसला आणि त्यानं खाणं सोडलं. कोण आलं, कोण काय बोलून गेलं, मला काही आठवत नाही. तो मासा नळीआड कसा तिरका उभा होता तेवढं आठवतं. मी दाणे टाकायची, ते तरंगत राहायचे. मनात एकच घेतलं होतं, की हा एकटा पडला म्हणून मरतो आहे, आणि हा गेला तर तुमच्या हातचं घरात जिवंत असं काही उरणार नाही. बाकी होतं ते सगळं सामान होतं.

दहावं व्हायचं होतं अजून. एका सकाळी मी कुणाला न विचारता पर्स घेतली आणि कोपऱ्यावरून ऑटो केला. पांढऱ्या साडीत, मोकळ्या कपाळानं. गल्लीतल्या पाटलांच्या वहिनी समोरून येत होत्या, आपल्याकडेच भेटायला. त्यांनी मला ऑटोत पाहिलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

दुकानात पंपांची घरघर होती. दुकानदार पाठमोरा टाकीत हात घालून काहीतरी काढत होता. मी विचारलं, "एंजलच्या सोबतीला कोण चालते?"

त्यानं मान न वळवता सांगितलं, "विडो घेऊन जा नं. विडो चांगली राहते त्याच्यासोबत. पाच-सहा विडो टाका, काही टेन्शन नाही."

विडो टेट्रा, म्हणजे विधवा, असं त्या माशाचं नावच आहे म्हणे. करड्या अंगाचा, मागच्या अर्ध्या अंगाला काळा घोळ असलेला. पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. तो वळला, त्यानं मला नखशिखान्त पाहिलं, आणि त्याच्या हातातली जाळी खाली पडली. "माशाचं नाव आहे मावशी," तो पुटपुटला. "काळा टेट्रा म्हणतात... तसं नाही..."

"विडो एक आहे घरी," मी म्हटलं. माझा आवाज आता तुमच्या कानांच्या मापाचा झालेला आहे, त्याला मी काय करू? दुकानातली सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे वळली. "निऑन द्या."

"एंजल मोठा आहे का? मोठा असला तं निऑन..."

"द्या म्हणते नं!"

त्याला वाद घालायचा नव्हता. बिचाऱ्यानं फुग्यासारखी फुगवलेली पिशवी बांधून दिली. मी ती पोटाशी धरून घरी आले.

हॉलमध्ये बाररूमच भरली होती. वानखडे, आणखी दोन-तीन वकील, पाटलांच्या वहिनी, आपला मुलगा, भिंतीला टेकून कुसुमताई. दारात मी, हातात पिशवी, पिशवीत निळ्या-लाल रेघा पळत होत्या.

"आई, हे काय आहे?" मुलगा उठून उभा राहिला.

"यायनं सांगितले होते."

"आई, पण आज?"

कुसुमताई म्हणाल्या, "सुतकात जीव विकत आणते का व कोणी? तिकडं पिंडाचं सामान यायचं आहे अन् तू मासोळ्या घेऊन आली?"

मी पिशवी तशीच टँकमध्ये तरंगत ठेवली, तुमच्या व्हिडिओत ठेवायचे तशी, आतलं-बाहेरचं पाणी सारखं होईपर्यंत. आणि गंमत पाहा. हळूहळू सगळे टँकपाशी आले. बोलायला विषय संपलेली माणसं होती ती. वानखडे म्हणाले त्यांच्या मेहुण्याकडे अरोवाना मासा आहे. कोणी म्हणालं, पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला हवं. पाटलांच्या वहिनींनीही मान पुढे काढली. तुम्ही असता तर खुर्ची सरकवून सगळ्यांना ओळीनं बसवलं असतंत.

मी पिशवीचं तोंड उघडलं. निऑन बाहेर आले, आधी घाबरून एका जागी, मग सगळे मिळून एकदम वळले, आणि त्या मळकट पाण्यात कुणीतरी दिवे लावल्यासारखं झालं. नळीआडून एंजल हलला. पुढे आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पर पसरून मधोमध येऊन उभा राहिला.

"आला, आला!" वानखडे म्हणाले.

खरं सांगते, त्या क्षणी मला तुम्ही जिंकायला हवे होतात. मी पैज हरायला तयार होते, तुम्ही मागाल ते द्यायला तयार होते. मनात म्हटलंही, घ्या, झालं तुमच्या मनासारखं.

आणि त्यानं एक गिळला. इतक्या सहज, की बघणाऱ्याला आधी कळलंच नाही. निळं शेपूट क्षणभर तोंडाबाहेर राहिलं, मग तेही गेलं.

मी तुमच्या खुर्चीकडे वळले आणि ओरडले, "पाहा! म्हणलं नव्हतं मी? शांत आहे म्हणे! घ्या आता!" आणि मी हसले. टाळी वाजवून हसले, अहो. तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर, दिव्यासमोर, तुमच्या सगळ्या मित्रांसमोर.

मुलानं मला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. रागावला नव्हता, ओशाळला होता. लहानपणी मी त्याच्या वर्गावर शिकवायला गेले की ओशाळायचा, तसा. सुनेनं पाणी दिलं आणि बाहेर जाऊन हलक्या आवाजात सांगितलं, धक्का बसलाय त्यांना, झोप नाही.

धक्का नव्हता तो. मला आनंद झाला होता, त्याची लाज वाटते. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्यासमोर एकदाही हार मानली नाहीत. पत्त्यांत नाही, सोन्याचं कानातलं कुठे हरवलं त्यात नाही, मुलाला कोणत्या शाळेत घालायचं त्यात तर नाहीच. आणि आज मी जिंकले, भर साक्षीदारांसमोर जिंकले. हसता हसताच मी थांबले होते, तुम्ही काय म्हणता ते ऐकायला. तुम्ही म्हणाला असता, एका साक्षीवर निकाल लागत नसतो मास्तरीणबाई. तेवढं म्हणायला कोणी नव्हतं.

बाहेर पाहुणे पांगले. मी आत बसून होते. थोड्या वेळानं कुसुमताई दारात आल्या. त्यांच्या हातात लोणच्याची काचेची बरणी होती, रिकामी, धुतलेली.

"उठ," त्या म्हणाल्या. "तू हसली, मले राग आला. अजून आहे. पण ते बाकीचे मरू द्याचे का?"

आम्ही दोघी टँकपाशी बसलो. मी जाळी धरली, त्यांनी बाही वर सारून बरणी धरली. निऑन सापडत नाहीत लवकर. मी एका बाजूनं हाकायची, ते दुसरीकडे पळायचे. ताई मोठ्यांदा श्वास घेत होत्या. मग जाळीकडे बघतच म्हणाल्या, "तो लहानपणी हरला की ताटावरून उठून जाय. मी मुद्दाम हरो त्याच्यासंग."

एक निऑन जाळीत आला, तो मी ताईंच्या बरणीत सोडला.

"जाताना तरास झाला का व त्याले?"

सगळ्यांना दिलेलं उत्तर तोंडावर आलं होतं. पण हात पाण्यात होता, आणि ज्यांनी तुम्हाला कडेवर खेळवलं त्या विचारत होत्या. मी सांगितलं. हाका मारल्या ते, कप आपटला ते, मशीन घाला म्हणून ओरडले ते.

ताईंचा हात थांबला. "मशीन तं होती त्याच्या कानात."

"ड्रॉवरमध्ये आहे, ताई."

"अव, होती. आंघोळ घालताना वानखड्यानं काढून माह्याजवळ दिली. मुठीत धरली तं शिटी वाजे तिची, बारीक. म्हणून रुमालात गुंडाळून ठेवली मी." त्यांनी कमरेची पिशवी उघडली आणि रुमालाची गाठ माझ्या ओल्या हातावर ठेवली.

मी ड्रॉवर उघडला. डबी रिकामी होती. गोळ्यांच्या पाकिटासारखी बॅटऱ्यांची पाकिटं होती तिथे, आणि एक सोडून सगळी संपलेली.

किती महिने, अहो? किती महिने तुम्हाला ऐकू येत होतं?

मला आठवलं, एकदा मी माशाला दाणे टाकताना स्वतःशीच म्हटलं होतं, पोहे करू की उपमा, आणि मागून तुम्ही म्हणालात, "पोहे." मला वाटलं योगायोग. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत राहिले मी, आणि तुम्ही कानामागे हात धरून "काय?" म्हणत राहिलात. त्यात तुम्हाला गंमत वाटत होती, की मशीन घातली हे कबूल करणं म्हणजे पुन्हा हरणं वाटत होतं? विचारलं असतं, तर तुम्ही काहीतरी भलतंच सांगितलं असतंत.

पण ओरडले ते ठीक. मी हळू जे बोलले त्याचं काय?

तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून मी तुमच्यादेखत काय काय पुटपुटत होते. तुमच्या लुंगीवर, तुमच्या घोरण्यावर, तुमच्या मोर्शीच्या नातेवाइकांवर. तेही सोडा. माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला होता. तुम्ही टँकपाशी पाठमोरे बसला होतात, हातभर अंतरावर. ती म्हणाली, कशी आहेस. मी म्हटलं, "ओरडून ओरडून घसा गेला ग. यातून सुटले एकदा म्हणजे मिळवली." अगदी साध्या आवाजात म्हटलं. तुम्ही हलला नाहीत. मासा बघत राहिलात.

त्यानंतरच केव्हातरी तुम्ही म्हणालात ना, की याले सोबत पाहिजे. एकट्यानं राहणं बरं नाही, कोणासाठीच नाही. मी तेव्हा ते माशाचंच समजले होते. अजूनही मला खात्री नाही. तुम्ही ऐकलं होतंत की नाही, हे कोणाला विचारू? मी कुसुमताईंना विचारलं. त्या बरणीला फडकं बांधत होत्या.

"मले काय माहीत तो काय ऐके अन् काय नाही," त्या म्हणाल्या. "ऐकू येऊन न ऐकल्यावानी कराची सवय त्याले पयल्यापासून." मग फडक्याची गाठ आवळत म्हणाल्या, "बोलली असशीन काही, तं बोलली. मी काय न्याय करू त्याचा?" त्यांनी मला माफ केलं नाही आणि रागावल्याही नाहीत. बरं वाटलं मला त्याचं.

तेरवी झाल्यावर त्या ती बरणी घेऊनच निघाल्या. त्यांच्या नातीकडे अकोल्याला टाकी आहे, तिच्यात असेच चिमुकले मासे आहेत, तिथे ही मंडळी सुरक्षित राहतील म्हणे. बडनेरा स्टेशनवर मी सोडायला गेले होते; गाडीत खिडकीशी बसल्या, मांडीवर बरणी, बरणीवर दोन्ही हात. समोरच्या बाईनं विचारलं, काय आहे हो? त्या म्हणाल्या, "माह्या भावाचे मासे आहेत."

मी परत त्या दुकानात गेले. दुकानदार मला पाहून उभाच राहिला. या वेळी मी नीट विचारलं आणि त्यानंही नीट विचारलं, टाकी केवढी, एंजल केवढा, हीटर आहे का. म्हणाला, एवढ्या टाकीत वरच्या पाण्यात कोणाला टाकूच नका मावशी, ती जागा त्याची. तळाला फिरणारे थोडे मासे न्या, तोंडात मावणार नाहीत असे, आणि मग पुन्हा काही घालू नका. कोरी नावाचे मिशीवाले, ठेंगू मासे दिले त्यानं. दिवसभर वाळूत तोंड खुपसून काहीतरी शोधत असतात. एंजलनं पहिल्या दिवशी एकाला टोचून पाहिलं, मग सोडून दिलं. आता तो वर, ते खाली. दाणे खातो आहे. त्या सगळ्या महिन्यांत तळाचा विचार आपल्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

कुसुमताईंचा रोज फोन येतो. निऑनना त्या बिस्किटाचा चुरा घालतात. मी म्हणते, घालू नका, पाणी नासते. त्या म्हणतात, तुले जास्त कळते का. मुलगाही फोन करतो, माशांचं विचारतो, त्या दिवसाचं विचारत नाही.

पैज तुम्ही कशाची लावली होती, ते आता कळायचं नाही. माझ्या मनात मी बऱ्याच गोष्टी लावून पाहिल्या. त्यातल्या बहुतेक मी पैज न लावताही दिल्या असत्या.

लाज गेलेली नाही. रोज सकाळी टँकपाशी उभी राहिले की आधी तीच येते. मी स्वतःला सांगून पाहिलं, की थकलेलं माणूस असं बोलतं, मनात तसं नसतं. पण हे तुम्हाला पटणार नाही, आणि मलाही पटत नाही. बहिणीशी बोलले तेव्हा माझ्या मनात तसंच होतं. मी थकले होते, आणि मला सुटायचं होतं. तुम्ही ते ऐकलं असेल तर खरंच ऐकलं आहे. ते मी आता मागे घेत नाही, तुमच्यासमोर तेवढं खोटं चालायचं नाही.

पुढचं तेवढं तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून हे लिहिलं. मी सुटले नाही.